सासूबाईंबरोबर 'मॅजिक फ्लूट': दिवाणखान्यातला ऑपेरा

अबोली_ठाणे

गेल्या शनिवारी आणि रविवारी रात्री आमच्या दिवाणखान्यात मोत्झार्टचा 'मॅजिक फ्लूट' झाला. शनिवारी पहिला अंक, रविवारी दुसरा. प्रेक्षक तिघी: मी, सासूबाई (वय ७६) आणि लेक (वय ९). नवराही होता, पण नांदी संपायच्या आत घोरायला लागला. त्याला मोजत नाही.

डीव्हीडी दिराने दिलेली. वर्षभर कपाटात पडून होती, कारण डीव्हीडी प्लेअर कधीच गतप्राण झालाय. शेवटी जुना लॅपटॉप टीव्हीला जोडला. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमधला २००३चा प्रयोग आहे. दिग्दर्शक डेव्हिड मॅकव्हिकर, वाद्यवृंदाचे संचालक कॉलिन डेव्हिस. मला पाश्चात्त्य संगीतातलं ओ की ठो कळत नाही, हे आधीच कबूल करते. तेव्हा जाणकारांनी सांभाळून घ्या.

आमच्या आई (सासूबाईंना मी आईच म्हणते) सांगलीच्या. लहानपणी वडिलांचं बोट धरून संगीत नाटकं बघितलेली. 'सौभद्र' किती वेळा पाहिलंत म्हणून विचारलं तर म्हणतात, "मोजायचं असतं का ते?" त्यांना मी एवढंच सांगितलं की हा जर्मन ऑपेरा आहे, पण यात मध्येमध्ये साधं बोलणं आहे आणि मग गाणी. त्या म्हणाल्या, "म्हणजे संगीत नाटकच की. मग एवढं काय घाबरवतेस?"

सुरुवातीला पडदा बंद आणि सगळा वाद्यवृंद एकदम ठोके दिल्यासारखा वाजतो, थांबतो, परत वाजतो. आई म्हणाल्या, "ही तिसरी घंटा का?"

खरी अडचण भाषेची. खाली इंग्रजी अक्षरं येतात, पण ती पळतात आणि आईंना तेवढ्या वेगाने वाचवत नाहीत. पहिली दहा मिनिटं मी गाण्यावरच मराठीत बोलत राहिले. दोघी वैतागल्या. मग एक युक्ती सुचली. गाणं सुरू होणार असं दिसलं की रिमोटने थांबवायचं, यात तो काय म्हणणार आहे ते दोन वाक्यांत सांगायचं, आणि मग गप्प बसून गाणं ऐकायचं. नटी-सूत्रधार दोन्ही मीच. ही युक्ती इतकी जमली की लेक नंतर स्वतःच ओरडायला लागली, "आई, थांबव, वाद्यं बदलली!"

गोष्ट थोडक्यात सांगते. टामिनो नावाचा राजपुत्र सापाला घाबरून पहिल्याच मिनिटाला बेशुद्ध पडतो (नायकाचा असा प्रवेश मी प्रथमच पाहिला). रात्रीच्या राणीच्या तीन सख्या साप मारतात. तेवढ्यात पापागेनो येतो. हा पाखरं धरणारा, अंगभर पिसं, गळ्यात बासरीसारखी शिट्टी. शुद्धीवर आलेल्या राजपुत्राला तो बिनदिक्कत सांगतो, साप मीच मारला, नुसत्या हातांनी. सख्या परत येतात आणि त्याला वाइनऐवजी पाणी देतात, गोड पावाऐवजी दगड देतात आणि तोंडाला कुलूप घालतात. त्यानंतरच्या गाण्यात तो नुसतं "हं हं हं हं" गातो. लेक सोफ्यावरून खाली पडायची बाकी होती. त्याच्या पहिल्या गाण्यात तो म्हणतो, पोरी धरायला जाळं असतं तर डझनाने धरल्या असत्या. मी हे सांगितल्यावर आई म्हणाल्या, "फाजील आहे मेला," आणि मग गाणं संपल्यावर, "वन्स मोअर."

मी मागे घेतलं. परत लावलं. त्या दोन रात्रींत एकंदर पाच वन्स मोअर झाले. नाट्यगृहात कोणी दिले असते?

पापागेनो झालाय सायमन कीनलिसाइड. गातो तर छानच, पण हा माणूस अंगाने गातो. खांदे पाडून चालणं, घाबरला की मान आत ओढणं. दुसऱ्या अंकात बायको मिळत नाही म्हणून तो फास लावून घ्यायला निघतो. तीन आकडे मोजीन, तेवढ्यात कोणीतरी हो म्हणा, असं म्हणतो. मग एक मोजतो, शिट्टी वाजवतो, वाट बघतो. दोन मोजतो, शिट्टी वाजवतो, वाट बघतो. लेक आधी हसत होती, दोनच्या वेळी तिने माझा हात धरला.

आणि मग ती राणी. डायना डामराऊ. मुलीच्या, म्हणजे पामिनाच्या, हातात खंजीर देते आणि गाते की तुला पळवून नेणाऱ्या सारास्त्रोला मार, नाहीतर तू माझी मुलगी नव्हेस. ते सुप्रसिद्ध टिपेचं गाणं हेच, हे मलाही माहीत होतं, भ्रमणध्वनीच्या रिंगटोनमुळे. पण अख्ख्या प्रसंगात बघितल्यावर ती करामत वाटतच नाही. पोरीला धरून हलवत, डोळे वटारून, सूर सुयांसारखे टोचत जातात. संपल्यावर आम्ही तिघी गप्प. मग आई म्हणाल्या, "लेक पळवली तिची. ती ओरडणार नाही तर काय करेल?"

तर आता मला प्रश्न असा की पहिल्या अंकात ही राणी बिचारी, मुलगी पळवलेली आई असते. दुसऱ्या अंकात एकदम ती खलनायिका आणि पळवणारा सारास्त्रो संत. हे काय गौडबंगाल? आईंना ते अजिबात पटलेलं नाही. दुसरं म्हणजे सारास्त्रो गायला लागला की आमच्या टीव्हीतून नुसती घरघर येते. काय करावं? आणि यानंतर काय बघावं?

गवती_चहा

वा! वाचनखूण साठवली. आईंना साष्टांग नमस्कार. "तिसरी घंटा का" ला फुटले.

नाक्यावरचा_नारू

लेख बरा आहे, पण ऑपेरा हा प्रकार मला आजवर पचलेला नाही. एक धिप्पाड बाई किंचाळते, एक धिप्पाड बुवा तिला उलट किंचाळतो, आणि शेवटी कोणीतरी क्षयाने मरतं. तेही मरता मरता दहा मिनिटं गातं. आपल्याकडे भीमण्णा डोळे मिटून एक षड्ज लावायचे तेवढ्यात काम व्हायचं. आणि घरी टीव्हीवर ऑपेरा म्हणजे पंगतीचं जेवण डब्यात घालून ट्रेनमध्ये खाणं.

खुंटीवरचा_तंबोरा

नारूशेठ, क्षयाने मरणारी ती इटालियन मंडळी. यात कोणी क्षयाने मरत नाही, मरतो तो फक्त साप.

किंचाळण्याबद्दल मात्र बोलायला हवं. हे लोक मायक्रोफोनशिवाय गातात. दोन हजारांहून जास्त माणसं समोर, मध्ये अख्खा वाद्यवृंद, आणि आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला पाहिजे. आपल्याकडेही ध्वनिक्षेपक येण्याआधी नाटकातल्या नटाला हेच करावं लागायचं. जुन्या गायक नटांचे आवाज ध्वनिमुद्रिकांवर आज ऐकताना काहींना टोकदार वाटतात, त्यामागे हेही एक कारण आहे. तो आवाज खोलीसाठी घडवलेलाच नसतो. तुम्ही तो दहा बाय बाराच्या खोलीत ऐकता आणि म्हणता ओरडतोय.

आता पेटीवाल्यांसाठी गंमत. पांढरी एकचा, म्हणजे मधल्या सीचा, षड्ज धरला तर राणीचा सर्वांत वरचा सूर अतितार सप्तकातला मध्यम येतो. आणि सारास्त्रोचा सर्वांत खालचा सूर? अतिमंद्रातला मध्यम. तोच स्वर, मध्ये चार सप्तकं. मोत्झार्टने दोन शत्रूंना एकाच सुराच्या दोन टोकांना उभं केलंय. ते ठरवून केलं का हे मला सांगता येणार नाही, पण कान असणाऱ्याला ते जाणवतंच.

राणीचा सूर इतका वर का, याचं उत्तर साधं आहे. त्याच्याकडे तो गळा होता. पहिली राणी होती योझेफा होफर, मोत्झार्टची मेहुणी. आपल्याकडे पदं नटाच्या गळ्याकडे बघून बांधली जात, तसंच. नाटकात जादूची बासरी मिळते ती टामिनोला, आणि पहिला टामिनो बेनेडिक्ट शाक स्वतः बासरी वाजवणारा होता. पहिली पामिना, ॲना गॉटलीब, तेव्हा सतरा वर्षांची. आणि पहिला पापागेनो म्हणजे एमानुएल शिकानेडर. संहिता त्याची, नाटक कंपनी त्याची, थिएटर तो चालवायचा आणि सगळ्यात लाडकी भूमिकाही त्याचीच. कंपनीचा मालक, नट आणि लेखक एकच. अबोलीताई, तुमच्या सासूबाई म्हणाल्या ते शंभर टक्के खरं: हे संगीत नाटकच. दरबारी इटालियन ऑपेरा नव्हे, व्हिएन्नाच्या वेशीबाहेरच्या थिएटरात तिकीट काढून येणाऱ्या माणसांसाठी केलेला खेळ. जर्मनमध्ये त्याला झिंगश्पील म्हणतात. झिंग म्हणजे गाणं, श्पील म्हणजे खेळ.

नाक्यावरचा_नारू

मालक, नट आणि लेखक एकच म्हणजे स्वतःला विनोदी भूमिका आणि टाळ्या, नायकाला उपदेश. हे मात्र आपल्याकडच्यासारखंच आहे.

लायप्झिगकर

धागा बघून राहवलं नाही. मी इथे बारा वर्षं आहे. इथल्या लोकांसमोर 'मॅजिक फ्लूट' म्हटलं की कळतं, पण प्रेमाने म्हणायचं तर 'त्साउबरफ्ल्योटं'. त्या 'फ्ल्यो'साठी ओठ फुंकर घालतानासारखे करा आणि मग 'ए' म्हणा. माझं अजून चुकतं, माझी मुलगी हसते.

अबोलीताई, तुमचा धागा वाचताना मला मोत्झार्टची पत्रं आठवली. पहिला प्रयोग ३० सप्टेंबर १७९१ला झाला. त्याची बायको कॉन्स्टान्झे तेव्हा प्रकृतीसाठी व्हिएन्नाजवळच्या बाडेनला होती, म्हणून तो तिला रोज लिहायचा आणि म्हणून आपल्याला ते कळतं. ऑक्टोबरच्या एका पत्रात तो लिहितो की नेहमीप्रमाणे अमुक द्वंद्वगीत, पहिल्या अंकातलं घंट्यांचं गाणं आणि दुसऱ्या अंकातलं तीन मुलांचं गाणं परत गावं लागलं. म्हणजे वन्स मोअर! तुमच्या आईंनी रिमोटवर घेतले तेच. पण पुढे तो म्हणतो की त्याला सर्वांत जास्त आनंद होतो तो लोकांच्या न वाजणाऱ्या, मूक पसंतीचा. राणीच्या गाण्यानंतर तुम्ही तिघी गप्प बसलात ना, ते त्याला आवडलं असतं.

आणि सासूबाईंचाच विषय आहे तर ऐका. त्याच पत्रांत तो लिहितो की उद्या सासूबाईंना खेळाला नेतोय. त्यांना संहिता आधी वाचायला दिली आहे, आणि त्यांच्या बाबतीत असं म्हणावं लागेल की त्या ऑपेरा बघतील, ऐकणार नाहीत. सासूची टिंगल काही बदलत नाही, देश कोणताही असो. इथे मात्र उलटं झालं आहे. तुमच्या सासूबाईंनी ऐकला आणि जावयाचा, चुकलो, मुलाचा डोळा लागला.

नारूसाठीही एक आहे. एकदा मोत्झार्ट ज्या बॉक्समध्ये होता तिथे एक गृहस्थ बसला होता. गंभीर प्रसंगांनाही खिदळायचा. मोत्झार्टने त्याला त्या प्रसंगांकडे लक्ष द्यायला सांगून पाहिलं, उपयोग झाला नाही. शेवटी त्याला 'पापागेनो' म्हणून हा उठून निघून गेला. पत्रात लिहितो, त्या मूर्खाला ते समजलंही नसेल.

नाक्यावरचा_नारू

समजलं. मान्य. मी पापागेनो. वाइन कुठे आहे?

खुंटीवरचा_तंबोरा

लायप्झिगकर, घंट्यांची खोडीही सांगा की. सर्वांत भारी तीच आहे.

लायप्झिगकर

सांगतो. पापागेनोकडे जादूच्या घंट्या असतात. रंगमंचावरचा नट नुसता वाजवल्याचा अभिनय करतो, खरं वाद्य आत कोणीतरी वाजवतं. पोलादी पट्ट्यांचं, पेटीसारख्या पट्ट्या दाबून वाजवायचं. एका रात्री मोत्झार्ट विंगेत गेला आणि म्हणाला, आज मी वाजवतो. शिकानेडर गाण्यात थांबला तिथे याने मध्येच एक सुरांची माळ वाजवून दिली. शिकानेडर दचकला, विंगेत बघितलं तर हा! दुसऱ्यांदा ती जागा आली तेव्हा शिकानेडर थांबून वाट बघत राहिला आणि याने मुद्दाम वाजवलंच नाही. मग याने परत एक सूर दिला, तेव्हा शिकानेडरने हातातल्या घंट्यांवर थापट मारून "तोंड बंद ठेव" म्हटलं. सगळं थिएटर हसलं. मोत्झार्ट लिहितो, हे वाद्य तो स्वतः वाजवत नाही हे बऱ्याच जणांना या गमतीमुळे पहिल्यांदा कळलं असेल.

ही गंमत केली तेव्हा त्याच्या हातात दोन महिनेही नव्हते. ५ डिसेंबरला तो गेला, पस्तिसाव्या वर्षी.

मृद्गंध

ही खोडी वाचून पापागेनोचा फासाचा प्रसंग परत बघितला. आता हसायला जमेना.

वायर_आणि_वीणा

सारास्त्रोच्या घरघरीबद्दल. दोष त्याचा नाही, टीव्हीचा आहे. त्याचा तो सर्वांत खालचा सूर सुमारे ८७ हर्ट्झचा. हल्लीचे टीव्ही पाटासारखे चपटे, स्पीकर बोटभर, तेही मागे किंवा खाली तोंड केलेले. एवढा खालचा सूर त्यातून नीट निघतच नाही. वरच्या उपस्वरांवरून कान अंदाज बांधतो, पण छाती गायब. राणीचा वरचा सूर १४०० हर्ट्झच्या आसपास, तो कोणत्याही पत्र्याच्या डब्यातून येईल.

पैसे खर्चू नका. घरात जुनी म्युझिक सिस्टिम आहे का? कॅसेटवाली, मोठ्या लाकडी खोक्यांचे स्पीकर असलेली? माळ्यावर नक्की असेल. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून तिच्या ऑक्सला एक वायर टाका. चित्र टीव्हीवर, आवाज सिस्टिमवर. कधी कधी टीव्ही चित्र किंचित उशिरा दाखवतो आणि ओठ मागे राहतात. त्यासाठी टीव्हीत 'गेम मोड' लावून बघा, उशीर कमी होतो.

आणखी एक. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये 'ऑटो व्हॉल्यूम' किंवा 'नाइट मोड' चालू असेल तर आधी बंद करा. तो पर्याय हळू आवाज वर खेचतो आणि मोठा दाबतो. जाहिरातींसाठी ठीक. इथे मात्र बोलणं हळू आणि गाणं मोठं हाच तर खेळ आहे, त्याची सपाट भाकरी होते.

अबोली_ठाणे

@वायर_आणि_वीणा, माळ्यावर आहे! नवऱ्याच्या कॉलेजच्या काळातली. काल काढली, पुसली, जोडली. एका स्पीकरमध्ये झुरळाचा संसार होता, तो विसर्जित केला. सारास्त्रोचं दुसऱ्या अंकातलं ते शांत गाणं लावलं, या पवित्र दालनांत सूडाला जागा नाही असं काहीतरी. टीपॉयवरचा पेला हलका थरथरला. नवरा जागा झाला आणि म्हणाला, "कोण आलं?"

सगळ्यांच्या माहितीबद्दल खूप आभार. आईंना मोत्झार्टच्या सासूबाईंचं सांगितलं. म्हणाल्या, "जावयाला म्हणावं, आधी भाषा समजेल अशी दे, मग ऐकू."

विंगेतला_काळोख

मी नाटकाच्या मागच्या बाजूला काम करतो, प्रकाशयोजना. माझा वेगळा मुद्दा आहे. चित्रित प्रयोग चांगला असतो, पण तो प्रयोग नसतो. कारण कुठे बघायचं हे कॅमेरा ठरवतो. या नाटकात पाच-पाच जण एकत्र गातात. ज्याच्या तोंडाला कुलूप आहे तो काय करतोय, तिघी सख्या एकमेकींकडे कशा बघतायत, हे सगळं एकाच वेळी चालू असतं. आणि कॅमेरा नेमका टामिनोच्या पडजिभेवर. गाणाऱ्याचं तोंड इतक्या जवळून बघायला माणसाने दंतवैद्य असायला हवं.

आणि उजेड. रंगमंचावर डोळ्याला अंधुक निळं दिसणारं कॅमेऱ्याला काळं दिसतं, म्हणून चित्रीकरणाच्या वेळी उजेड वाढवतात. ज्याने तो प्रकाश रचला त्याच्या पोटात तेव्हा काय होतं हे मी सांगू शकतो. रात्रीची राणी ही मुळात प्रकाशाची भूमिका आहे. १८१६ला बर्लिनमध्ये कार्ल फ्रीड्रिश शिंकेलने तिच्यासाठी ताऱ्यांच्या ओळींचा निळा घुमट रंगवला होता, राणी त्यात चंद्रकोरीवर उभी. ते चित्र अजूनही सगळ्यांच्या डोक्यातून जात नाही.

तरी पडद्यावरच बघायचं तर मोठ्या पडद्यावर, अनोळखी माणसांत बसून बघा. मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीएला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे, म्हणजे मेटचे, प्रयोग दाखवतात, तिथे मी जातो. मेटने ही थेट प्रक्षेपणाची मालिका ३० डिसेंबर २००६ला सुरू केली, तीही 'मॅजिक फ्लूट'नेच. ज्युली टेमोरचा प्रयोग, मुलांसाठी इंग्रजीत आणि काटछाट केलेला.

अबोली_ठाणे

@विंगेतला_काळोख, पडजिभेचं अगदी मान्य. लेकीने टामिनोच्या दाढा मोजल्या.

पण ठाण्याहून नरिमन पॉइंटला ७६ वर्षांच्या बाईला रात्री घेऊन जाणं आणि आणणं हा स्वतंत्र ऑपेरा आहे. शिवाय तिथे मी गाणं थांबवून अर्थ सांगू शकत नाही. बाहेर काढतील. तुम्ही म्हणता ते सगळं हरवतं, खरं आहे. पण आईंसाठी हे नाटक मुळात नव्हतंच, आता आहे.

विंगेतला_काळोख

याला उत्तर नाही. हरलो. फक्त खोलीतला दिवा मालवा. पूर्ण अंधार नको, टीव्हीच्या मागे एक मंद पिवळा दिवा ठेवा. काळे रंग जास्त काळे दिसतील.

चिंचपोकळी_फास्ट

घरी बघायचं तर स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमनचा राहिला की! १९७५चा, स्वीडिश टीव्हीसाठी केलेला, गाणी जर्मनऐवजी स्वीडिशमध्ये. वरचा कॅमेऱ्याचा वाद तिथे सुटतो, कारण तो कॅमेऱ्यासाठीच रचलाय आणि तरी जुन्या छोट्या नाट्यगृहाचा भास ठेवलाय. नांदी चालू असताना रंगमंच दिसतच नाही, नुसते प्रेक्षकांचे चेहरे, आणि फिरून फिरून एका लहान मुलीचा चेहरा. मध्यंतरात नटमंडळी विंगेत काय करतात तेही दाखवलंय. सारास्त्रो दुसऱ्याच एका ऑपेराची संहिता वाचत बसलाय, कोणी सिगारेट ओढतंय. काळोखभाऊ, तुम्हाला तर घरी आल्यासारखं वाटेल.

बर्गमनने एक बदल केलाय. सारास्त्रोला पामिनाचा बाप केलंय. म्हणजे सगळं भांडण नवरा-बायकोचं, मुलीच्या ताब्याचं.

मृद्गंध

गोडगोड चाललंय, त्यात मी मीठ टाकते. या नाटकात बायकांबद्दल काय काय म्हटलंय ते कोणी बोलणारच नाही का? सारास्त्रोचा पुजारी टामिनोला सांगतो, बाई काम कमी करते आणि बडबड फार. पुढे दोन पुजारी चक्क गाणं म्हणतात की बायकांच्या कपटापासून सावध राहा. आणि मोनोस्टाटोस! काळ्या वर्णाचा पहारेकरी, म्हणून कुरूप आणि लंपट. त्याच्याच तोंडी गाणं घातलंय की काळा माणूस कुरूप म्हणून त्याने प्रेम करायचं नाही का. हल्ली बरेच दिग्दर्शक शब्द बदलतात, ते बरंच आहे. संगीत दैवी म्हणून सगळं माफ, हे मला जमत नाही. आपल्याकडच्या जुन्या नाटकांनाही मी हेच म्हणते.

अबोलीताईंच्या सासूबाईंनी पहिल्या फटक्यात नेमका दोष पकडला आहे.

खुंटीवरचा_तंबोरा

मुद्दा बरोबर. पण त्याच नाटकात शेवटी सारास्त्रोच्या मंदिरातल्या आग आणि पाण्याच्या परीक्षेला पामिना टामिनोबरोबर जाते. नुसती जात नाही, म्हणते की मी तुला नेते, मला प्रेम नेतं. हात तिने धरलेला असतो. त्या पुरुषांच्या बंद दालनात एक बाई दीक्षा घेते आणि संगीत तिथे सगळ्यात साधं होतं: नुसती बासरी, खाली नगारा आणि मोजकी पितळी वाद्यं. पुजारी काय बोलतात ते शिकानेडर लिहितो. मोत्झार्ट कोणाच्या बाजूने आहे ते मला तिथे ऐकू येतं.

मोनोस्टाटोसबद्दल मात्र माझ्याकडे बचाव नाही.

मृद्गंध

हे मान्य. तेवढ्यासाठीच मी ते परत परत बघते आणि चिडते.

लायप्झिगकर

राणीच्या गौडबंगालाबद्दल. एक जुना तर्क असा की लिहिता लिहिता मध्येच गोष्ट फिरवली. बरेच अभ्यासक ते मानत नाहीत. म्हणतात की टामिनोला जे पहिल्यांदा सांगितलं गेलं ते त्याने खरं मानलं, मग डोळे उघडले, एवढंच. पण तुमच्या आईंच्या बाजूने एक पुरावा संहितेतच आहे, आणि तो बहुतेक प्रयोगांत कापतात, कारण तो बोलण्यात आहे, गाण्यात नाही.

खंजीर द्यायच्या आधी राणी मुलीला सांगते की तुझे वडील मरताना सगळी संपत्ती आपल्या दोघींना देऊन गेले, पण सत्ता ज्यात आहे ते सातपदरी सूर्यचक्र त्यांनी सारास्त्रोला देऊन टाकलं. मी विचारलं तर म्हणाले, तू बाईमाणूस, यात डोकं घालू नकोस, शहाण्या पुरुषांच्या सांगण्यात राहा. म्हणजे मामला सूडाचा नंतर, वारसाहक्काचा आधी.

नाक्यावरचा_नारू

सातपदरी म्हणजे सातबाराच म्हणा ना! नवऱ्याने मरताना उतारा परक्याच्या नावावर केला, मुलगीही तोच घेऊन गेला. आणि बाई जरा वरच्या पट्टीत बोलली तर खलनायिका. मी माझे "किंचाळते" हे शब्द मागे घेतो. आमच्या आत्याने तलाठ्यासमोर यापेक्षा वरचा सूर लावला होता.

गवती_चहा

नारू, धाग्याचा मानकरी तू.

अबोली_ठाणे

आईंना लायप्झिगकरांचा आणि नारूंचा दोन्ही प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले. चष्मा काढून म्हणाल्या, "मला वाटलंच होतं. उगीच कोणी एवढं वर जात नाही." मग म्हणाल्या, तेवढं गाणं परत लाव. या वेळी त्या माळ्यावरच्या स्पीकरवर. सहावा वन्स मोअर.

लेक आणि आजी सध्या स्वयंपाकघरात पापागेनो आणि त्याला शेवटी मिळणारी पापागेना यांचं ते "प-प-प-प" म्हणत असतात. आजी भाजी चिरते, सुरी थांबली की नातीने पुढचा 'प' घ्यायचा, असा नियम आहे.

चिंचपोकळी_फास्ट, बर्गमन यादीत टाकला. पण त्याआधी दुसरं काहीतरी हवंय, जर्मनच, बोलणं आणि गाणी असंच. आईंची एकच अट, विनोदी पात्र हवं.

लायप्झिगकर

बीथोव्हनचा 'फिडेलिओ' घ्या. १८०५चा, त्याने पूर्ण केलेला एकुलता एक ऑपेरा, आणि तोही झिंगश्पीलच. पहिला प्रयोग शिकानेडरने उभारलेल्या नव्या थिएटरात झाला, थिएटर आन डेअर वीन. व्हिएन्नाला गेलात तर त्या इमारतीच्या जुन्या दारावर पापागेनोच्या पिसांतला शिकानेडर दगडात बसलेला आहे, शेजारी ती तीन मुलं. बघून या.

गोष्ट आईंना आवडेल. नवऱ्याला अन्यायाने तुरुंगात टाकलंय, बायको पुरुषवेश करून तुरुंगात नोकरी धरते आणि त्याला सोडवते. ऑपेराव्हिजनसारख्या संकेतस्थळांवर ऑपेरे फुकट, अक्षरांसकट बघायला मिळतात, तिथे शोधत राहा.

अबोली_ठाणे

आणि विनोदी पात्र?

खुंटीवरचा_तंबोरा

तुरुंगाधिकारी आहे. लेकीच्या लग्नाची बोलणी चालू असताना होणाऱ्या जावयाला गाण्यातून सांगतो की नुसत्या प्रेमाने पोट भरत नाही, खिशात नाणी खुळखुळली पाहिजेत.

अबोली_ठाणे

आईंना सांगितलं. म्हणाल्या, रविवारी लाव, आणि मला त्याचा अर्थ सांगू नकोस, कळेल.